‘फॉरेस्ट टच’ बंगला घेताय? आधी सातबाऱ्याची उजवी बाजू बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज दुसरा विषय काढला तर तुम्ही मला कोल्हापुरात फिरू देणार नाही. राधानगरी-दाजीपूरकडं, अभयारण्याच्या कडेला तयार बंगला विकायला आहे. तीन बेडरूम, मॉड्युलर किचन, हॉलची एक अख्खी भिंत काचेची. जाहिरातीत लिहिलंय ‘फॉरेस्ट टच’. घ्यावा का?

‘रोड टच’ आपण ऐकलंय. ‘रिव्हर टच’ म्हणजे काय ते 2019 ला पंचगंगेनं घरात येऊन सांगितलं. आता हे नवीन.

सर्च रिपोर्ट, एनए (बिगरशेती) आदेश, बांधकाम परवाना, इंडेक्स टू हे कुठलाही वकील बघतो, त्यात वेळ घालवत नाही. माझं दुखणं एकच आहे, सातबाऱ्याची उजवी बाजू.

आमच्या दाजींना असाच एक बंगला आवडला. ‘दाजीपुरात दाजींचा बंगला’ असं आक्कानं पाव्हण्यांत सांगूनही झालं होतं. एजंटनं व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला. मालकाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, सगळं झकास. मी म्हटलं, दाजी, उजवीकडचा रकाना कुठाय? फोटो बरोबर तिथंच कापलेला! पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला. ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यात बारीक अक्षरात एकच शब्द, ‘वन’. शेजारी फेरफार नंबर. आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता एक कमेंट वाचतो. ‘दादा, नाव तर मालकाचंच आहे, मग अडचण काय?’ अडचण हीच आहे. 1927 च्या वन कायद्यात खाजगी जंगलांवर बंधनं घालणारं कलम 35 आहे. त्याखाली नोटिसा निघालेल्या जमिनी 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्यानं 30 ऑगस्ट 1975 पासून सरकारजमा धरल्या जातात. कितीतरी ठिकाणी डावीकडं नाव तसंच राहिलं आणि उजवीकडं शेरा पडला. नुसती डावी बाजू बघणाऱ्याला सगळं आलबेलच दिसणार.

दुसरे म्हणतात, ‘घरफाळा भरतोय, लाईट बिल नावावर आहे.’ अहो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 कर आकारणीसाठी असतो, त्यानं मालकी ठरत नाही! हे मी किती व्हिडिओत सांगितलंय ते मोजायचं सोडून दिलंय. तिसऱ्यांकडं एनएचा कागद आहे. जमीन वन असेल तर 1980 च्या वन संवर्धन कायद्यानं आधी केंद्राची मंजुरी लागते, नुसत्या एनएवर भागत नाही. म्हणजे फिरून पुन्हा उजवी बाजूच.

शेरा दिसला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नोटीस नुसती निघून चालत नाही, ती मालकाला बजावलेली असावी लागते. पण ते भांडण विकणाऱ्यानं मिटवावं आणि मग गिऱ्हाईक बघावं. बंगल्याच्या पैशात कोर्टकेस कशाला घेताय?

इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे अभयारण्याभोवतीचा बंधनांचा पट्टा, त्याचं थोडक्यात. सरसकट एक किलोमीटरच्या पट्ट्याचा नियम सुप्रीम कोर्टानं 2022 ला आणला आणि 2023 ला कोर्टानंच तो सैल केला. त्यामुळं किलोमीटर मोजत बसू नका, त्या अभयारण्याची अधिसूचना काढा आणि आपलं गाव त्यात आहे का बघा. होमस्टे काढायचं डोक्यात असेल तर टोकन द्यायच्या आधी बघा.

आणि घर फेब्रुवारीत बघून भुलू नका. जुलैत जा. मी गेलो होतो. कपाट भिंतीपासून वीतभर ओढलं तर मागं हिरवी बुरशी, मोज्यात जळू. लॉनवर गव्याच्या खुरांचे खड्डे, त्यात पाणी साचलेलं. दाखवणारा म्हणतो, ‘बघा साहेब, निसर्ग!’ गवा बघायला लोक दाजीपूरला जातात हे खरं, पण पहाटे गाडी काढताना फाटकात तो उभा असला तर हॉर्न वाजवायचा नाही, गप आत जाऊन चहा ठेवायचा.

सातबारा तपासायला पाठवणार असाल तर मेलवर पाठवा, कमेंटमध्ये लोकांची नावं टाकू नका. आणि उजवी बाजू कापलेला फोटो आला तर मी उघडणारसुद्धा नाही.