प्रभूच्या मेजावरचा पंक्तिप्रपंच

बंधुभगिनींनो,

‘सर्वांचे स्वागत आहे’ अशी पाटी आपल्या बहुतेक चर्चच्या फाटकावर असते. पण बायबलच्या नव्या करारात स्वागताची परीक्षा होते ती पंगतीत. आपण महाराष्ट्रातली माणसे; रोटीबंदी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

अंत्युखियात काय घडले ते आठवा. येशूचा शिष्य पेत्र, स्वतः यहूदी, तिथल्या यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर मोकळेपणाने जेवत होता. कैसरियात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी जाऊन, देव पक्षपाती नाही, असे म्हणणारा हाच तो पेत्र. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून, यहूदी नसलेल्यांच्या पंक्तीला न बसणारी काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू मागे सरकू लागला. त्याचे मत बदलले नव्हते, तो आपल्या माणसांना भ्याला. पौलाचा सोबती, बर्णबासारखा बर्णबाही त्याच्यामागे गेला. तेव्हा प्रेषित पौलाने सर्वांदेखत पेत्राला खडसावले, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवले. ताटावरून उठणे हा त्याच्या लेखी शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. त्यात त्याला सुवार्तेच्या सत्याशी फारकत दिसली.

याकोबाच्या पत्रात तर नेमकी बसायची जागाच आली आहे. सोन्याची अंगठी घातलेला येतो, त्याला चांगले आसन. मळक्या कपड्यातला येतो, त्याला ‘तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. दोघेही आत आलेले आहेत, हे लक्षात घ्या.

हे सगळे आपल्या देशातही झाले. दक्षिणेतल्या मंडळ्यांमध्ये जातीप्रमाणे बसणे चालू होते. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ते ताबडतोब आणि कायमचे बंद करा असे बजावले, तेव्हा तंजावर आणि मद्रासमधल्या वेपेरीच्या मंडळ्यांतून अनेकांनी बाहेर पडणे पसंत केले.

पंडिता रमाबाईंची वाट मला अधिक शिकवते. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. तिथे ब्राह्मण विधवांना आपले सोवळे पाळायची मुभा होती. स्वतः ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी त्यांच्यावर आपल्या पंक्तीची सक्ती केली नाही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. उपाशी, आजारी, नाना जातींच्या. त्यांना आधी पोटाला अन्न आणि अंगाला कपडा मिळाला. जो येतो त्याच्या मनाचा मान राखणे आणि कोणालाही पायाशी न बसवणे, दोन्ही एकाच बाईने केले. हे सोपे नाही.

ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या जेवणाच्या, वेळी काहीजण आधीच जेवून घेत, काही उपाशी राहत. पौलाने त्यावर साधी सूचना केली: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अनेक अभ्यासकांच्या मते उशिरा येणारे हे दास आणि मजूर असावेत, दिवसभराचे काम संपल्याखेरीज ज्यांना सुटका नव्हती.

आपल्या प्रीतिभोजनातही, म्हणजे मंडळीच्या सामुदायिक जेवणातही, भांडी घासणाऱ्या बाया आणि मांडववाले शेवटी जेवतात, तोवर भाजीत रस्साच उरलेला असतो. येत्या नाताळात पहिली पंगत त्यांची बसवू या. वाढायला मंडळीच्या कमिटीने उभे राहावे, आणि पाळकांनीही.