सांगोल्याच्या मतपेटीतली साठ वर्षं

मंडळी, बोलायला उभं राहण्याआधी मी या मांडवातल्या खुर्च्या मोजल्या. एका रांगेत बारा आणि अशा सोळा रांगा, म्हणजे १९२. मागे उभी असलेली तरुण मंडळी यात धरलेली नाहीत. १९९५ साली आपल्या मतदारसंघाचा निकाल याच आकड्यावर लागला. गणपतराव देशमुख, आपले आबासाहेब, शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी हरले. अख्खा तालुका मतदानाला गेला आणि फरक पडला तो या मांडवाएवढ्या माणसांचा.

सांगोल्याबाहेर कुणाला आपला मतदारसंघ सांगितला की लगेच म्हणतात, "हां, अकरा वेळा एकच आमदार!" सांगणारा कौतुकानंच सांगतो. पण त्यातून असं वाटतं की इथले लोक डोळे झाकून शिक्का मारत होते. तसं कधीच नव्हतं. याच लोकांनी आबासाहेबांना दोनदा पाडलं आणि दोन्ही वेळा परत आणलं. आज मला त्या दोन पराभवांबद्दलच जास्त बोलायचं आहे.

सुरुवात १९६२ पासून करतो. त्याआधी १९५२ ला आपण मुंबई राज्यात होतो. ३१५ आमदारांची विधानसभा, गुजरातपासून आजच्या कर्नाटकातल्या जिल्ह्यांपर्यंत पसरलेलं राज्य, आणि काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार जायचे. १९६२ ची निवडणूक महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला. शेतकरी कामगार पक्षाचे सगळ्या राज्यात मिळून १५ आमदार, आणि त्यांत सांगोल्याचा एक पस्तिशीतला वकील, म्हणजे आपले आबासाहेब. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, म्हणजे तसा बाहेरचा माणूस. राज्यभर काँग्रेसची एवढी हवा असताना या कोरडवाहू तालुक्यानं लाल बावटा धरला, याची नोंद आपण पुरेशा अभिमानानं ठेवलेली नाही असं मला वाटतं.

१९६७ ला ते पुन्हा निवडून आले. १९७२ ला मात्र काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. बांगलादेशाच्या युद्धानंतरची ती निवडणूक, इंदिराजींची लाट सगळीकडे होती. आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

तो दुष्काळ माझ्या घरात आहे. माझी आई खडी फोडायला जायची. डाव्या हाताच्या बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची, कारण दगड त्याच हातानं धरायचा असतो. संध्याकाळी त्या चिंध्या सोडताना कापड जखमेला चिकटलेलं असायचं. ती आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसायची आणि मग हळूहळू सोडवायची. कामावर सुकडी, म्हणजे वाटायचा कोरडा खाऊ, मिळायची ती आम्हा पोरांसाठी पदरात बांधून आणायची. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ ला झाला. मागेल त्याला काम हा हक्क कागदावर आला त्याच्या आधी आपल्या बायांच्या हातावर आलेला होता.

काकासाहेबांच्या निधनानंतर १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या लोकांनी दोनच वर्षांपूर्वीचा आपला निर्णय फिरवला. ज्यांनी खडी फोडली त्यांनीच मत दिलं, हे ध्यानात ठेवा.

तिथून १९७८, १९८०, १९८५, १९९०. आबासाहेब १९७८ च्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात मंत्री होते, पुढे १९९९ च्या सरकारातही. एसटीनं मुंबईला जाणारा आमदार म्हणून त्यांची ओळख राज्यभर झाली. पण मंत्रिपदापेक्षा आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट आटपाडीची. १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद तिथे भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, आबासाहेब एका मांडवात. मागणी साधी: कृष्णेचं पाणी उचलून आम्हाला द्या, आणि सगळ्यांना समान न्यायानं द्या. घाईचं कारणही होतं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं पाणी २००० सालापर्यंत अडवून वापरायचं होतं. त्यातूनच १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, टेंभू आणि म्हैसाळ या पाणी उचलण्याच्या योजनांच्या कामांना पैसा मिळू लागला. टेंभूचं पाणी कऱ्हाडजवळून उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत माणदेशात आणायचं. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी त्याआधीही येत होतं, पण आपण कालव्याच्या शेपटाला. शेपटाच्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

आणि या सगळ्याच्या मधोमध १९९५ ला आबासाहेब हरले. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, पण सांगोल्यात जिंकली काँग्रेस, शहाजीबापूंच्या रूपानं. १९२ मतांनी. माझा अंदाज असा, की लोकांनी कामाबद्दल राग धरला नव्हता. तीस वर्षांत एक पिढी मतदार झाली होती, जिला १९७२ आठवत नव्हतं. तिच्या शेतात डाळिंब आलं होतं. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागा सुरू झाल्या आणि मुरमाड माळावर डाळिंबाचा गणेश वाण, मग भगवा वाण उभा राहिला. उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन बाग जगवणाऱ्या माणसाला धीर कमी असतो. त्याला आज पाणी हवं असतं. चार वर्षांनी, १९९९ ला, त्याच मतदारांनी आबासाहेबांना पुन्हा निवडलं, आणि मग २००४, २००९, २०१४.

एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती राहून जाते. महाराष्ट्रात कितीतरी तालुके पुनर्रचनेत दोन-तीन मतदारसंघांत वाटले गेले. सांगोला तालुका अखंड राहिला. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ आपल्यात आलं एवढंच. लोकसभेला आपण माढ्यात गेलो. पण विधानसभेचा मतदार आणि तालुक्याचा बाजार, तहसील, सूतगिरणी, एसटी स्टँड हे सगळं एकच राहिलं. म्हणून इथे आजोबानं दिलेल्या मताची चर्चा नातू पारावर करू शकतो.

२०१९ ला आबासाहेब उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंनी, या वेळी शिवसेनेकडून, ७६८ मतांनी बाजी मारली. हा मांडव चारदा भरला की बरोबर ७६८ होतात. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले.

पुढच्या वर्षी, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, गुवाहाटीहून बापूंचा फोन सगळ्या देशानं ऐकला: "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील." लोक हसले, गाणी झाली. मला मात्र त्यातला पहिला शब्द लागला. माणदेशातला माणूस आसामात उतरला आणि त्याच्या तोंडून सगळ्यात आधी झाडी आली. डोळा भरून हिरवं पाहायला न मिळालेल्या मुलखाचा माणूस असाच बोलणार. बोलीही आपली, निखळ. राजकारण बाजूला ठेवून सांगतो, मला ते वाक्य जवळचं वाटतं.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख जिंकले. २८८ जणांच्या सभागृहात आज शेकापचा एकच आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा आहे.

आता एक विनंती, आणि ती कळकळीची आहे. या साठ वर्षांचे आकडे मिळतात, पण कागद मिळत नाहीत. जुन्या मतदार याद्या, प्रचाराची पत्रकं, पाणी परिषदेची हँडबिलं, दुष्काळी कामाची हजेरीपत्रकं, मतदान केंद्रावर बसलेल्या पोलिंग एजंटाच्या वह्या, हे सगळं तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. मी आणि माझे दोन विद्यार्थी दर रविवारी गावोगाव फिरतोय. निरोप द्या, आम्ही घरी येऊन फोटो काढून घेऊ आणि कागद तुमचा तुम्हाला परत देऊ. मला सगळ्यात आधी १९७४ च्या पोटनिवडणुकीचं काही सापडलं तर हवं आहे. आईनं त्या वेळी मत कुठे दिलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पण ज्या शाळेत ती रांगेत उभी राहिली, तिथली यादी तरी मला बघायची आहे.