व्हीसीतला कागद शेवटच्या फोनपर्यंत

(यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ग्रामपंचायतींचे केंद्रचालक, शिक्षक, कृषी सखी आणि शेतकरी गटांचे सचिव यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, सुरू झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘आवाज येऊन राह्यला का?’ आवाज आला की सगळे निर्धास्त होतात. कागदाची तेवढी चौकशी कुणी करत नाही. स्क्रीनवर बारा रकान्यांचा तक्ता लागतो, ‘दिसतंय ना सगळ्यांना?’ असं विचारलं जातं, दोघं-तिघं ‘हो सर’ म्हणतात आणि बैठक पुढे सरकते. ज्याला दिसत नाही तो गप्प राहतो. त्याला वाटतं, आपलंच नेटवर्क खराब, आपलाच फोन जुना. आणि त्याच तक्त्यावरून त्याच्या गावाचा निर्णय होऊन जातो. मला आज या गप्प बसलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याला कागद वाचता येणं ही दाखवणाऱ्याची जबाबदारी आहे, असं मी मानतो.

कपाशीचंच घ्या. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, फूल नीट उमलत नाही. त्याला आपण डोमकळी म्हणतो. अकोल्याहून किंवा नागपूरहून तज्ज्ञ व्हीसीवर येतात, डोमकळीचा फोटो लावतात. त्यांच्या संगणकावर पाकळ्यांची गुंडाळी स्वच्छ दिसते. इकडे राळेगावकडच्या एखाद्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या ताईच्या फोनवर तेच फूल म्हणजे एक पिवळा डाग. चांगलं फूल कोणतं आणि डोमकळी कोणती, हेच कळलं नाही तर तिच्या हाती काय लागलं? ‘सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) आठ किंवा जास्त पतंग दिसले की फवारणीचा विचार करा’ हे वाक्य ऐकून लक्षात राहतं. फुलाचं रूप ऐकून कळत नाही, ते पाहावंच लागतं. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्याने बोंडअळीपायी काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून अस्पष्ट फोटो ही मला किरकोळ अडचण वाटत नाही.

यावर माझं पहिलं सांगणं असं, की कागद बैठकीच्या आधी पोचला पाहिजे. आदल्या संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. फोटो असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि बारकावे जातात. पानांना ठळक क्रमांक द्या. मग व्हीसीत ‘पान तीन उघडा’ म्हटलं की ज्याचा स्क्रीन अडकला तोसुद्धा आपल्या फोनवर पान तीन पाहत असतो. स्क्रीन शेअर मग बोट ठेवण्यापुरता उरतो. बैठकीतल्या चॅटमध्ये लिंक टाकून निश्चिंत होऊ नका. उशिरा जोडलेल्याला आधीचा चॅट बहुतेक वेळा दिसत नाही, आणि आपल्याकडे लाइन गेली की माणूस बाहेर पडून पुन्हा जोडला जातो.

गूगल ड्राइव्हची लिंक देणार असाल तर परवानगी तपासा. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ पाहता येईल असं ठेवलं नसेल तर ऐन बैठकीत वीस जणांच्या परवानगीच्या विनंत्या येऊन पडतात. मात्र लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती असलेली यादी अशी उघडी ठेवू नका, आणि बदल करण्याचा अधिकार सगळ्यांना देऊ नका.

आता अक्षरांचं. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत काम करणाऱ्यालाच तो भोवतो. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे उघडली, की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलं की ही कटकट मिटते. जुनी फाइल असेल तर तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच बांधला जातो. १९९३ साली अडोबीने आणलेला हा प्रकार २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि अगदी साध्या स्मार्टफोनवरही उघडतो.

स्क्रीन शेअर करताना अक्षरं धूसर का होतात तेही समजून घ्या. चित्र हललं नाही तर सॉफ्टवेअर फक्त बदललेला भाग पाठवतं आणि हळूहळू अक्षरं धारदार होतात. तुम्ही सारखं पान वरखाली केलंत की सगळं नव्याने पाठवावं लागतं आणि कमकुवत नेटवर सगळा वेळ धुकंच दिसतं. म्हणून पान लावा, हात माउसवरून काढा आणि सगळ्यात लांबच्या गावातल्या एकाला पहिली ओळ मोठ्याने वाचायला सांगा. ‘दिसतंय का’ याला ‘हो’ म्हणता येतं, वाचून मात्र खोटं दाखवता येत नाही. एक्सेल असेल तर आकार दीडशे-दोनशे टक्के करा आणि बारापैकी लागतील तेवढेच चार रकाने ठेवा.

कॅमेरे बंद ठेवायला सांगण्यात संकोच नको. व्हीसीचं अ‍ॅप असलेल्या झूमनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे नुसत्या स्क्रीन शेअरला सेकंदाला ५० ते ७५ किलोबिट पुरतात, आणि दोघांमधल्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला ६०० लागतात. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट नाव मिळालं. पण आपली माणसं व्हीसीला बसतात ती शेतात, एसटीत, अंगणवाडीच्या ओट्यावर, मोबाइलच्या टॉवरच्या भरवशावर. शिवाय मोबाइल नेटचा अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून पाठवण्याचा, वेग डाउनलोडपेक्षा बहुधा कमीच असतो. बैठक तुम्ही घेता म्हणून कागदही तुम्हीच दाखवला पाहिजे असं नाही. तीच फाइल दुसऱ्या एकाकडे आधीच देऊन ठेवा. त्याचं नेट चांगलं असेल तर तो दाखवेल, तुम्ही बोला.

संपूर्ण स्क्रीन शेअर करू नका, फक्त ती खिडकी किंवा ब्राउझरचा तो टॅब निवडा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर आवाज शेअर करण्याची खूण आठवणीने करा, नाहीतर समोर नुसती हलणारी चित्रं जातात. फोनवरून दाखवत असाल तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. वरून उतरणाऱ्या मेसेजमध्ये बँकेचा ओटीपीही असू शकतो. आणि हे बायाबापड्यांनाही समजावून सांगा: २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन शेअर करता येतो. कुणी अनोळखी माणूस बँकेचं किंवा अनुदानाचं नाव सांगून ‘स्क्रीन दाखवा’ म्हणाला, तर फोन तिथेच ठेवायचा. आपला फोन दुसऱ्याला लांबून पाहू-चालवू देणारी अ‍ॅप उतरवायला लावून खाती रिकामी होण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं.

आता बोलणं पुरे. मघाशी मी गटावर लिंक टाकली आहे, सगळ्यांनी आपापल्या फोनवरून जोडून घ्या, वायफाय बंद करा. मागच्या मासिक अहवालाचा तक्ता मी आधी आहे तसा लावतो, मग सुधारून लावतो. शेवटच्या रांगेतल्या ताई, दोन्ही वेळा तिसरी ओळ तुम्ही वाचा.