घरच्या मजुरीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या घराची ‘आर्थिक अडचण’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या हाती रोकड नाही, एवढेच सांगायचे असते. वर्तमानपत्रे तर लाचेलाही ‘आर्थिक देवाणघेवाण’ असे सभ्य नाव देतात. अर्थशास्त्राचा आवाका मात्र रोकडीपुरता नाही. जमीन, पाणी, श्रम आणि भांडवल यांचा वापर कसा होतो आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा त्याचा विषय आहे.

सरकारी दाखल्यातही हे दिसते. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षणाची वाट मोकळी झाली. केंद्राच्या नियमानुसार त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. पण शेती पाच एकर किंवा त्याहून अधिक असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी दाखला मिळत नाही. रावेर-यावलकडची बारमाही पाण्याची केळीची जमीन आणि शिंदखेड्याची कोरडवाहू जमीन यांना हा नियम एकाच मापाने मोजतो, आणि ते मला पटत नाही.

कापसाच्या हमीभावात तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च अनेक प्रकारे काढतो. बियाणे, खते, फवारणी, बाहेरची मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे ‘ए-टू’. त्यात घरच्या माणसांच्या कामाची मजुरी मिळवली की ‘ए-टू अधिक एफएल’ होतो आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरले की ‘सी-टू’. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट हमीभावाचे आश्वासन मिळाले, पण ती दीडपट ‘ए-टू अधिक एफएल’वर काढली जाते, ‘सी-टू’ धरावा, ही शेतकरी संघटनांची मागणी कायम आहे. स्वतःची जमीन दुसऱ्याला कसायला दिली असती तर खंड आलाच असता, तेव्हा तो खर्चात धरणे मला रास्त वाटते.

अर्थात, आपणही घरी हिशेब नीट मांडतो असे नाही. वेचणीला घरच्या बायका गेल्या की आपण ‘मजुरी वाचली’ म्हणतो. वस्तुतः ती वाचलेली नसते, कारण त्याच दिवशी दुसऱ्याच्या शेतात गेल्या असत्या तर त्यांना रोज मिळालाच असता. आयोग निदान त्यांच्या कामाला किंमत लावतो. घरातील वहीत ती सहसा नसते.

केळीला हमीभावच नाही, त्यामुळे तेथे कोणता खर्च धरायचा हा वादही उद्भवत नाही. भाव बाजार ठरवतो, आणि बागेला वर्षभर पाणी देणाऱ्या घरच्या माणसांचा रोज त्यात निघाला की नाही, हे ज्याचे त्याने ताडून पाहायचे असते.