वीस मिनिटं पाण्यात

(दृश्य: कुष्ठवसाहतीचं अंगण. प्लास्टिकची घमेली ओळीनं मांडली जातात, नळाचं पाणी भरलं जातं.)

नागपुरातल्या एका कुष्ठवसाहतीतली शनिवारची सकाळ. माणशी एक घमेलं, एकाचं पाणी दुसऱ्याला नाही. पाणी थंडच, कारण कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळव्याला चटका कळत नाही. मे महिन्यात इथल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चाललं की पायाला फोड येतो आणि तो घरी गेल्यावर डोळ्यांना दिसतो, तेव्हाच समजतो.

(दृश्य: घोट्यापर्यंत पाण्यात बुडालेले पाय.)

वीस मिनिटं पाय भिजू द्यायचे. नसा बाधित झाल्या की पायाला घाम सुटत नाही. कातडी कोरडी पडते, भेगाळते. भेगेची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असा समज आहे. खरं तर न दुखणाऱ्या, म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या जखमांनी ती जातात.

भिजून मऊ झालेला घट्टा खडबडीत दगडानं हळूहळू घासायचा. ब्लेड लावायचं नाही. पाय ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळायचं. कोरडा झाल्यावर लावलं तर आतला ओलावा उडून गेलेला असतो.

(दृश्य: सफेद सदऱ्यातला तरुण दगड घासतो आहे. हात उघडे.)

पाय घासणारी ही मुलं सदर भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीतली. सुरुवातीला ती दारातूनच बोलायची, चहाला नको म्हणायची, हातमोज्यांशिवाय घमेल्यालाही हात लावायची नाहीत. घरात लहानपणापासून ऐकलेली भीती होती ती.

आता नियम ठरला आहे. कातडी अखंड असेल तर उघडा हात. जखम असेल तर हातमोजे, तेही प्रत्येकासाठी नवे, एका जखमेतले जंतू दुसरीत जाऊ नयेत म्हणून. शिवल्यानं कुष्ठरोग होत नाही. तो पसरतो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, बहुधा श्वासावाटे. औषध सुरू झालं की संसर्ग थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली शिफारस केलेला बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. इथल्या बहुतेकांचा रोग कधीच बरा झालाय. उरलीय ती बधिरता.

एवढं कळूनही हात मागे येतो. म्हणून घमेली भरण्याआधी पाळक मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात. कुष्ठरोगी गुडघे टेकतो, येशूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि ‘शुद्ध हो’ हे त्यानंतर म्हणतो. हा क्रम पाळक मुलांना दोनदा वाचायला लावतात. येशू त्या माणसाच्या बरं होण्याची वाट पाहत थांबला नव्हता.

(दृश्य: खुर्चीत आजोबा, समोर जमिनीवर बसलेली मुलगी.)

धुणारा खाली बसतो, पाय देणारा वर. प्रार्थना कुणी मागितली तरच.

(दृश्य: चपलांचा ढीग. अंगठा एका तळाला दाबतो.)

चपला एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराच्या: आतला थर मऊ, खालचा टणक, मागे पट्टा, एकही खिळा नाही. अंगठ्यात अडकवायची चप्पल बधिर पायातून निसटते आणि माणसाला पत्ता लागत नाही. मऊ थर अंगठ्यानं दाबून पाहायचा. दबला नाही, तर चप्पल बदलायची. घालण्याआधी उलटी करून झटकायची. खडा आत राहिला तर पाय सांगणार नाही.



(दृश्य: वही, पट्टी, जखमेची मोजणी.)

जखमेची लांबी-रुंदी वहीत लिहितात आणि दर शनिवारी ताडून पाहतात. जखम वाढलेली दिसली, किंवा पाय गरम होऊन सुजला, तर त्याच दिवशी रुग्णालय. मुलांपैकी एकानं सोबत जायचं, खिडकीवर चिठ्ठी काढायची आणि नंबर येईपर्यंत बाकावर त्या माणसाच्या शेजारी बसायचं.