हडपसरची बाटली आणि आफ्रिकेतला वारा

सकाळी आठ-साडेआठला हडपसरच्या गाडीतळावर उभं राहून बघा, पीएमपीच्या बस, रिक्षा, भाजीचे टेम्पो, सगळ्यांचा नुसता कल्ला चालू असतो. तिथनं जवळच सिरम इन्स्टिट्यूटचं, म्हणजे लस बनवणाऱ्या कंपनीचं आवार आहे, आणि आपली आजची गोष्ट तिथनं निघालेल्या लशीच्या एका छोट्या बाटलीची आहे. कोविडची नाही हां, त्याच्या दहा वर्षं आधीची.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक लांबलचक पट्टा आहे, तिथं डिसेंबरात कोरडा धुळीचा वारा सुटतो आणि त्याच्या मागोमाग मेनिंजायटिस येतो, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. जे वाचतात त्यातल्या काहींचे कान जातात. १९९६-९७ ची साथ तर एवढी मोठी की अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार गेले. लस तेव्हाही होती, पण ती लहान बाळांना नीट लागू पडायची नाही, मोठ्यांनाही थोडीच वर्षं पुरायची, म्हणून साथ आली की मग धावपळ करून टोचायची. तहान लागल्यावर विहीर खणायची, दुसरं काय.

मग २००१ ला गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, पाथ ही संस्था आणि डब्ल्यूएचओ कामाला लागले. आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांचं म्हणणं एकच, डोस ५० सेंटच्या आत बसवा, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. एवढ्या भावात मोठ्या कंपन्यांना रस नव्हता. पुण्यानं हो म्हटलं. लस बनवायची पद्धत एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याच्या लॅबमधून मिळाली, लस बनली आपल्याकडे, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत १ ते २९ वयाच्या लोकांना टोचायला सुरुवात झाली. पुढं त्या पट्ट्यात ३० कोटींच्या वर लोकांना ती मिळाली आणि मेनिंजायटिसच्या जंतूच्या ज्या 'ए' प्रकारानं एवढी माणसं नेली तो जवळजवळ दिसेनासा झाला. मला हे आजही सांगताना अंगावर काटा येतो.

आता ती बाटली जवळून बघा. तिच्यावर एक गोल असतो, गोलात फिकट चौकोन. माझी मावशी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, पोलिओच्या रविवारी मला बूथवर न्यायची आणि म्हणायची, बाळा, आधी चौकोन बघ, गोलाएवढा काळा झाला ना की ती बाटली बाद. उष्णता लागली की तो चौकोन गडद होत जातो, बस एवढंच. त्याच चौकोनावर लक्ष ठेवून २०१२ ला बेनिनमध्ये ही लस ४० डिग्रीपर्यंतच्या उन्हात, बर्फाशिवाय, चार दिवसांपर्यंत बाहेर ठेवून गावोगाव नेली. जिथं लाईटच नाही तिथं फ्रीज कुठून आणणार!

परदेशी मदत म्हटलं की आपल्याकडे लगेच भीक वगैरे शब्द येतात, मला ते अजिबात पटत नाही. इथं मदत म्हणजे कुणीतरी आधी पैसे घातले आणि सांगितलं, बनवा, आम्ही घेतो. गावी (Gavi) म्हणून गरीब देशांना लशी मिळवून देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या पैशातून युनिसेफ ऑर्डर देतं, त्या ऑर्डरवर पुण्यातल्या माणसांच्या शिफ्ट लागतात, आणि तिकडं पोरं शाळेत जातात. नंतर ब्रिटिश सरकारच्या पैशातून या जंतूच्या पाच प्रकारांवर चालणारी लसही इथंच बनली, २०२४ ला ती पहिल्यांदा नायजेरियानं वापरली.

आणि आता हेच पैसे आटतायत. यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, जुलै २०२५ ला बंद झाली, गावीला पैसे देणार नाही असंही अमेरिकेनं सांगितलं, ब्रिटन २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणणार आहे. कागदावर हा आकडा किती बारीक वाटतो ना.

पण तो वारा डिसेंबरात सुटतो म्हणजे सुटतोच. त्याच्या आधी खोकी तिथं पोचलेली असायला लागतात, आणि ती पोचायची तर इथं हडपसरला ऑर्डर कितीतरी महिने आधी पडायला लागते.