मोडून बघितलेला जोड

वेल्डिंगच्या वर्गात पहिल्यांदा आलेल्या मुलांना फक्त झगझगाट दिसतो. बघायला शिकायचं असतं ते रॉडच्या टोकाखालचं वितळलेल्या लोखंडाचं छोटंसं डबकं. ते नीट दिसू लागेपर्यंत त्यांना जोड करायला देऊच नयेत, सपाट पट्टीवर नुसते रन, म्हणजे वितळलेल्या धातूच्या सरळ रेघा, ओढायला लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

सरावाला ६ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी आणि ३.१५ मिमीचा ई ६०१३ प्रकारचा रॉड घ्या. या रॉडचा आर्क, म्हणजे रॉड आणि पट्टीमधली विजेची ज्योत, लवकर पेटतो आणि विझला तरी सहज परत लागतो. करंट ११० अँपियरच्या आसपास ठेवा. गंज आणि रंग घासून काढा, अर्थिंगचा क्लॅम्पही उघड्या धातूवरच लावा. आर्क मध्येमध्ये तुटू लागला की मुलं मशीनला दोष देतात, आणि बहुतेक वेळा क्लॅम्प रंगावर बसलेला असतो.

काडी ओढावी तसा रॉड पट्टीवर ओढायचा आणि लगेच किंचित उचलायचा. चिकटला तर मनगटाने झटका द्या. तरीही सुटला नाही तर होल्डर उघडून रॉड मोकळा करा. या सगळ्यात शील्ड तोंडावरच राहू द्या.

खरी अडचण यापुढे येते. रॉड जळून आखूड होत जातो. म्हणजे हात पुढे सरकत असतानाच सतत खालीही यायला हवा. नवशिक्याचा हात पुढे जातो, खाली येत नाही. आर्क लांबतो, ठिणग्या उडतात, हवा आत शिरते आणि बीडमध्ये, म्हणजे गोठलेल्या धातूच्या रेघेत, छिद्रं पडतात. रॉडचं टोक आणि पट्टी यांतलं अंतर रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकं, साधारण ३ मिमी असावं. ते कानालाही कळतं: एकसारखी चरचर असेल तर बरोबर, फटफट आवाज आला तर आर्क लांबला.

रॉड ज्या दिशेने न्यायचा त्या दिशेला १५ ते २० अंश कलता धरा, म्हणजे स्लॅग (रॉडवरच्या लेपाची वितळलेली मळी) डबक्याच्या मागे राहतो. कोन चुकला किंवा हात रेंगाळला की स्लॅग पुढे धावतो आणि धातूखाली गाडला जातो. करंट जास्त किंवा आर्क लांब असेल तर बीडच्या कडेला खाच पडते, तिला अंडरकट म्हणतात. करंट कमी पडला तर धातू पट्टीवर नुसता चढून बसतो, आत मुरत नाही. हा दोष सगळ्यात फसवा, कारण वरून बीड छान गुळगुळीत दिसू शकते.

म्हणूनच जोड मोडून बघा. दोन पट्ट्या इंग्रजी टी अक्षरासारख्या उभ्या-आडव्या टॅक करा, म्हणजे छोट्या टाक्यांनी धरून ठेवा, आणि एकाच बाजूने कोपऱ्यात फिलेट वेल्ड मारा. तुकडा पूर्ण थंड झाला की व्हाइसमध्ये पकडा आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोड्याने वाकवा, म्हणजे जोडाचं मूळ, सगळ्यात आतला कोपरा, उघडतं. मुळाशी पट्टीची आधीची कड सरळ, जशीच्या तशी दिसली तर तिथे धातू वितळलाच नव्हता. काळी रेघ म्हणजे अडकलेला स्लॅग. मुलाने आपल्या हाताने मोडलेला असा एक तुकडा दहा व्याख्यानांचं काम करतो.

डोळ्यांबद्दल हयगय नको. या करंटला शील्डमध्ये १० नंबरची काच हवी. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिल्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, त्यामुळे वर्गात ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्लॅग ठोकताना पारदर्शक सेफ्टी गॉगल घाला, तापलेली ढलपी थेट तोंडाकडे उडते. कपडे जाड सुती असावेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा सरावाला घेऊच नका. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

मोडलेल्या प्रत्येक तुकड्यावर खडूने करंट लिहा. मूळ वितळलेलं नसेल तर पुढचा तुकडा १० अँपियर वाढवून करा, तोही मोडा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.